वह्यांबरोबर पंचवीस मीटर मांजरपाटही द्या

जून महिना लागला की आमच्या पेठेत शाळांच्या चिठ्ठ्या यायला सुरुवात होते. कोणी वह्या मागतो, कोणी गणवेशाचे कापड, कोणी दप्तरे. व्यापारी बांधव आपापल्या ऐपतीप्रमाणे देतात आणि द्यायलाच हवे. ज्या घरात मागावर पाळी भरली तरच चूल पेटते, त्या घराला डझनभर वह्यांचाही मोठा आधार असतो. परंतु जूनमध्ये दिलेली वही दिवाळीपर्यंत भरून जाते. आज आम्हाला लिहायचे आहे ते अशा वस्तूंविषयी, ज्या एकदा दिल्या की वर्षानुवर्षे वर्गात राहतात आणि ज्यांच्यावाचून इतिहासासारखा विषय निव्वळ पाठांतराचा होऊन बसतो. आनंदाची गोष्ट अशी की यातल्या बऱ्याचशा वस्तू कापडवाल्याच्या दुकानातच पडून असतात.

उर्दूत इतिहासाला ‘तारीख’ म्हणतात. मराठीत तारीख म्हणजे कॅलेंडरवरचा दिवस. आमची तालीम उर्दू माध्यमात झाली आणि आमच्या वर्गात या दोन अर्थांत काही फरक उरला नव्हता. तारीख म्हणजे तारखा, एवढेच आम्हाला ठाऊक. १८५७ पाठ होते, १९४७ पाठ होते. पण या दोहोंमध्ये किती पिढ्या गेल्या असे कोणी विचारले असते तर अख्खा वर्ग गप्प बसला असता. वर्गात एकच नकाशा होता, तोही घडीवर फाटलेला. उस्ताद मेहनती होते, पण हवेत बोट फिरवून कल्याण आणि पैठण दाखवणार तरी कसे?

पुस्तक मिळते, बाकीचे मिळत नाही

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, हे मान्य केले पाहिजे. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेली ‘बालभारती’ मराठीबरोबर उर्दूतही पाठ्यपुस्तके काढते आणि सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत ती मोफत मिळतात. २०१८ साली आलेल्या दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात तर इतिहास कसा लिहितात, साधने म्हणजे काय, वारसा कसा जपायचा, असे धडे आले. म्हणजे मुलाने पुरावा पाहावा, हाताळावा, त्यावर प्रश्न विचारावा, ही अपेक्षा पुस्तकानेच ठेवली.

परंतु पुस्तकातला नकाशा तळहाताएवढा असतो आणि पुराव्याचे चित्र त्याहून लहान. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून संग्रहालयाची बस शाळांकडे नेण्याचा चांगला उपक्रम सुरू केला. पण एक बस किती गावांना पुरणार? यंत्रमागाच्या गावातल्या मुलाला सहलीचे पैसे भरून मुंबई पाहणे परवडतेच असे नाही. मग राहते ते पाठांतर. परीक्षा संपली की तेही जाते. मुलगा मागावर बसतो तेव्हा इतिहास ही राजेलोकांची गोष्ट, आपला तिच्याशी संबंध नाही, अशी त्याची पक्की समजूत झालेली असते. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर हा मोठा तोटा आहे.

एक वर्ष म्हणजे एक सेंटीमीटर

आमच्या ओळखीच्या एका उर्दू शाळेतील इतिहासाच्या शिक्षकांनी एकदा वह्यांऐवजी वेगळीच मागणी केली. “शेठ, मला कोरे मांजरपाट द्या. पंचवीस मीटर, अखंड.” पडद्यासाठी असेल असे आम्हाला वाटले. त्यांनी मात्र त्यावर काळ मोजला. एक वर्ष म्हणजे एक सेंटीमीटर, शंभर वर्षांचा एक मीटर. पंचवीस मीटरवर पंचवीस शतके आली.

कापडाचे एक टोक म्हणजे आजचा दिवस. तेथून मागे मोजत गेले की मुंबईच्या गिरण्यांचा १९८२ चा संप अर्ध्या मीटरच्या आतच लागतो. १९४७ साल पाऊण मीटरच्या जरासे पुढे. १८५७ साल पावणेदोन मीटरच्या आसपास. पेशवाई १८१८ साली संपली, तेथून स्वातंत्र्यापर्यंत फक्त १२९ सेंटीमीटर. मुले दोन हात पसरून एवढे माप सहज घेतात. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा, तो सुमारे साडेतीन मीटरवर. मलिक अंबरने खडकी शहर वसवले १६१० मध्ये, ते चार मीटरच्या जरा पलीकडे. हेच शहर पुढे औरंगाबाद झाले आणि आज त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दौलताबादला राजधानी आणली, ते सुमारे सात मीटरवर. आणि सोपाऱ्याला ज्याच्या शिलालेखाचा तुकडा सापडला तो सम्राट अशोक थेट साडेबावीस मीटरच्या पुढे, म्हणजे व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला!

मुले कापडाच्या कडेने चालत गेली. काही पावलांत इंग्रजी अमदानी संपली आणि अशोकापर्यंत जायला पूर्ण व्हरांडा ओलांडावा लागला. कोणती घटना जवळची, कोणती दूरची, कोण कोणाच्या आधीचा, हे पायांनी कळले. पाठ केलेले साल विसरते, चाललेले अंतर तितक्या लवकर विसरत नाही. एका मुलाने विचारले, “माझे दादा गिरणी सोडून इकडे आले ते साल लिहू का?” शिक्षकांनी लिहू दिले. मग प्रत्येकाने घरी विचारून एकेक साल आणले. कोणाचे दादा आले ते, कोणाच्या घरी पहिला माग बसला ते. राजांची साले आणि घरची साले एकाच कापडावर आली. कागदाचा तक्ता वर्षभरात फाटतो. मांजरपाट मात्र ठाणाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवले की पुढच्या वर्गाला तसेच मिळते.

एक बारकावा त्याच शिक्षकांनी आम्हाला दाखवला. उर्दू वाचणारे मूल उजवीकडून डावीकडे पाहते. त्याच्यासाठी काळ उजवीकडून सुरू केला तर त्याला सोपे जाते. मराठी शाळेत उलट. म्हणून दोन शाळांना कापड द्यायचे तर दोघांना एकच छापील तक्ता देऊ नये. कोरे कापड आणि पक्का रंग द्यावा, बाकीचे वर्गावर सोपवावे. नावे मात्र उर्दू आणि मराठी दोन्हीत लिहावीत, म्हणजे पुढे कॉलेजात मुलाला ‘राज्याभिषेक’ हा शब्द परका वाटत नाही.

तुमच्या गल्ल्याखालचा पुरावा

कापडवाल्याच्या खणात धागे मोजायचे भिंग असते. तशी दोन भिंगे, खादीचा एक तुकडा आणि गिरणीच्या कापडाचा एक तुकडा वर्गाला द्या. मुले एका इंचात उभे-आडवे धागे किती ते मोजतील. हातसुताचा धागा कुठे जाड, कुठे बारीक, गिरणीचा सारखा. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी उभी करायला घेतली आणि पुढे गिरणीच्या मालापुढे हातमाग का मागे पडत गेला, हे त्या दोन तुकड्यांत डोळ्यांना दिसते. मग स्वदेशीची चळवळ समजावून सांगणे सोपे जाते. १९०५ च्या वंगभंगाचा बहिष्कार. ३१ जुलै १९२१ ला परळला उमर सोबानी यांच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात झालेली परदेशी कापडाची होळी. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे प्राण देणारा गिरणी कामगार बाबू गेनू. सगळे मिळून कापडपट्टीवर २५ सेंटीमीटर, एका वितीपेक्षा थोडे जास्त!

मश्रूचा एक तुकडा द्या. वर रेशीम, अंगाला सूत. हे नावच अरबी आहे आणि त्याचा अर्थ शरीअतला मान्य असलेले. एका कापडात विणकराची कारागिरी, धर्माचा नियम आणि बाजाराची हुशारी अशा तीन गोष्टी आल्या. हिमरूचा तुकडा दिलात तर दख्खनच्या विणकामावर वेगळा धडा नको. गुजरातेत ठशांनी छापलेले शेकडो वर्षांपूर्वीचे सुती तुकडे इजिप्तमध्ये फुस्तातला सापडले आणि त्यांतले बाराशेच्या आसपास ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयात आहेत. त्यांची मोठी रंगीत छायाचित्रे वर्गात लावता येतात. आपल्या किनाऱ्यावरचे कापड कुठवर जात होते, हे मुलाला सांगायची गरज उरत नाही.

जुन्या रोजमेळी, पावत्या, बिलबुके रद्दीत घालण्याआधी एकदा चाळून पाहा. आणे-पैचा हिशेब असलेले पान दाखवले की १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, त्याआधी सोळा आणे होते, हे मुले गणित करून शिकतात. जुना लोखंडी वार आणि आजचा मीटर शेजारी ठेवला की फरक हाताला कळतो. नाक्यावरची जकातीची जुनी पावतीही द्या. हा कर आता राहिला नाही. पण जकात हा शब्द अरबीतून मराठीत येऊन नाक्यावर कसा बसला, यावर चांगला तास होतो. मात्र कोणाची उधारी, कोणाचे नाव उघड होईल असे पान देऊ नये. नाव झाकून झेरॉक्स द्यावी. धंद्यातला भरवसा इतिहासासाठीही मोडायचा नसतो.

नकाशा घेताना

भिंतीवरचा नकाशा द्यायचा तर दोन घ्यावेत, एक भारताचा आणि एक हिंदी महासागराचा. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील पुस्तकात पैठण आणि तेर येथून गाड्यांवर माल भडोचला जात असे म्हटले आहे, आणि तेरच्या मालात कापडाचा उल्लेख आहे. हा रस्ता आणि पुढे मोसमी वाऱ्यांवर चालणारी गलबते समुद्राच्या नकाशावाचून समजत नाहीत. नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या प्रमाणित सीमांप्रमाणे छापलेला आहे, हे मात्र पाहूनच घ्यावे. स्वस्त मिळतो म्हणून चुकीच्या सीमांचा नकाशा शाळेच्या माथी मारू नये. त्याबरोबर दोन मुलांमागे एक ॲटलास दिला तर मागच्या बाकावरच्या मुलालाही बोट ठेवता येते.

देण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे

पहिले, शिक्षकांना विचारून द्यावे. दुकानातून जो माल निघत नाही तो शाळेला देणे म्हणजे देणगी नव्हे.

दुसरे, वस्तूची नोंद शाळेच्या साठा नोंदवहीत करून पोच घ्यावी. नोंद असली की मुख्याध्यापक बदलले तरी वस्तू शाळेतच राहते.

तिसरे, वस्तूच्या रूपाने दिलेल्या देणगीवर आयकरात सूट मिळत नाही. तसेच भेट म्हणून दिलेल्या मालावर जीएसटीचे इनपुट क्रेडिट घेता येत नाही. घेतले असेल तर परत करावे लागते. आपल्या हिशेबनिसाला आधीच सांगून ठेवावे.

चौथे, जकातीच्या रकमेसाठी गरजू माणसाला तिचा मालक करावे लागते, असे हनफी उलेमा सांगतात. भिंतीवरचा नकाशा कोणा एकाचा होत नाही. त्यासाठी सदका किंवा अतियाची रक्कम वेगळी काढावी आणि शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारावे.

पाचवे, मुलांना रांगेत उभे करून हातात वस्तू देताना फोटो काढू नयेत. वही घेताना मान खाली घालणारे मूल आम्ही पाहिले आहे. नकाशा भिंतीवर लागतो. तो सर्वांचा असतो, म्हणून कोणाला मान खाली घालावी लागत नाही. आम्हाला या देणगीत सर्वांत जास्त आवडते ते हेच.

व्यापारी बांधवांनो, आपली पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या मोजून देण्याची आहे. येत्या जूनमध्ये वह्या अवश्य द्या. त्यांच्या गठ्ठ्यावर पंचवीस मीटर मांजरपाट, एक भिंग आणि चार नमुन्याचे तुकडे ठेवा. कारागीर बांधवांनी तेवढेही न देता शाळेत तासभर जावे आणि ताणा कसा भरतात, बाणा कसा टाकतात ते मुलांना करून दाखवावे. पुस्तकात विणकरावर एखादीच ओळ असली तरी विणकराच्या मुलाला ती ओळ आपली आहे हे कळेल, आणि पुढचे पान तो स्वतःहून उलटेल.