कनू ट्रिपची शिदोरी: वजन आणि वास

कॅनडातल्या अल्गॉनक्विन पार्कमध्ये कनूने चार दिवस फिरायचंय? मग आधी खाण्याचं गणित. दोन तळ्यांच्या मधली वाट कनू आणि सामान खांद्यावर घेऊन चालायची असते, म्हणून वजन कमी हवं. आतल्या जंगलात खाण्याचे कॅन, बाटल्या न्यायला बंदीच आहे. भाजलेला रवा, डाळ-तांदूळ, मेतकूट घरीच मोजून दिवसवार पिशव्यांत भरा. ओलं, जड ते पहिल्याच दिवशी संपवा. एका दिवसाचं जास्तीचं घ्या; जोराचा वारा सुटला तर तळ्याकाठीच अडकाल. रात्री सगळं खाणं, टूथपेस्टसुद्धा, तंबूपासून लांब, जमिनीपासून ४ मीटर उंच, खोडापासून २ मीटर दूर टांगा. वासावर अस्वल येतं. एकदा खाणं मिळालं की पुन्हा येतं, आणि शेवटी अनेकदा त्याचाच जीव जातो.