मोटारीचें स्नेहपरिवर्तन : घरीं करावें कीं करूं नये?

संस्कृतांत ‘स्नेह’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक प्रेम आणि दुसरा तेल. दोहोंचें कार्य एकच, घर्षण कमी करणें. एकत्र कुटुंबांत पहिल्या स्नेहाची गरज किती असते हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. दुसऱ्या स्नेहाविषयीं मात्र चार शब्द लिहिण्याची वेळ आली आहे. क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी मोटार आतां शहरापुरती राहिली नसून परभणी जिल्ह्यांतील ताडकळसासारख्या गांवींही दारापुढें उभी दिसूं लागली आहे. २०१४ सालीं मारुती कंपनीनें ‘सेलेरिओ’ ही गाडी आणल्यापासून ही सोय मध्यम किमतीच्या मोटारींत आली. त्यापूर्वीं ती बहुधा महागड्या गाड्यांतच असे. डाव्या पायास काम नाहीं, म्हणून गुडघे धरलेले आजोबा आणि नव्यानें शिकलेल्या सुनबाई या दोघांसही ती सारखीच सुखाची वाटते.

सोय आली कीं तिची निगा आलीच. इंजिनाचें तेल बदलतात हें सर्वांस ठाऊक असतें; पण गिअरबॉक्सांतील तेलही बदलावें लागतें, हें पुष्कळांच्या गांवींही नसतें. हल्लीं तरुण मंडळी चित्रफिती पाहून हें काम घरींच उरकण्याचा बेत करितात. आमच्याकडे यांतला जाणता कारागीर हवा तर परभणी किंवा नांदेड गांठावें लागतें, तेव्हां हा बेत अगदींच वावगा म्हणतां येत नाहीं. मात्र तो कोणत्या अटींवर तडीस जाईल, तें आधीं समजून घेतलें पाहिजे.

दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. वाऱ्याच्या जागीं तेल कल्पिलें म्हणजे ‘टॉर्क कन्व्हर्टर’ कसा चालतो तें ध्यानांत येईल. इंजिनास जोडलेलें पात्यांचें चाक तेल फेंकतें, त्या झोतानें समोरचें चाक फिरतें, आणि दोहोंमधलें तिसरें चाक परतणाऱ्या तेलास वळण देऊन जोर वाढवितें. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानें १९०५ सालीं आगबोटींसाठीं तेलानें शक्ति वाहून नेण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. पुढें अमेरिकेंतील जनरल मोटर्सनें १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ‘हायड्रामॅटिक’ नांवाचा आपोआप चालणारा गिअरबॉक्स आणला, आणि दुसऱ्या महायुद्धांत तो एम-५ या हलक्या रणगाड्यांतही बसविला गेला.

म्हणजे येथें तेल हें नुसतें वंगण नव्हे. तें शक्ति वाहून नेतें, आपल्या दाबानें क्लचच्या चकत्या आवळतें, उष्णता बाहेर काढतें आणि झिजेचे कण गाळणीपर्यंत पोंचवितें. शिवाय चकत्या घसरूं नयेत आणि तरी हिसकाही बसूं नये, अशा दोन विरुद्ध गुणांचा मेळ त्यांत घातलेला असतो. हा मेळ साधण्यासाठीं अमेरिकेंत १९७० च्या सुमारापर्यंत स्पर्म जातीच्या देवमाशाचें तेल त्यांत मिसळीत. त्या प्राण्यास कायद्याचें संरक्षण मिळाल्यावर रसायनशास्त्रज्ञांस दुसरीं द्रव्यें शोधावीं लागलीं.

यावरून पहिली अट निघते : तेल नेमकें तेंच हवें. ‘ऑटोमॅटिक’ या एका नांवाखालीं चार जाती नांदतात : टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स, पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी, दोन क्लचांचा डीसीटी, आणि साध्याच गिअरबॉक्सवर यंत्राचा हात बसविलेला एएमटी. सेलेरिओ ही या शेवटच्या जातीची. तिच्या गिअरबॉक्सांत साधें गिअर ऑइल असतें आणि यंत्राच्या हातासाठीं निराळें तेल. म्हणून पुढील कृति तिला लागू नाहीं. ती टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीची समजावी. टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांस ‘डब्ल्यूएस’, होंडाच्या सीव्हीटीस ‘एचसीएफ-२’, अशीं तेलांचीं नांवें पुस्तिकेंत छापलेलीं असतात. ‘सगळ्यांस चालतें’ म्हणून दुकानदार पुढें करील तें घेऊं नये. रंगावरही भिस्त ठेवूं नये. लाल रंग ओळखीपुरता घातलेला असतो, तो गुणाचा पुरावा नव्हे.

तें केव्हां बदलावें? पुस्तिका सांगेल तेव्हां. ६० हजार ते १ लाख किलोमीटर असा आंकडा पुष्कळ ठिकाणीं आढळतो. कांहीं कंपन्या ‘आयुष्यभर बदलावयास नको’ असेंही लिहितात; तें आयुष्य गाडीचें कीं तेलाचें, हा प्रश्न सुज्ञानें विचारावा. उष्णता दर १० अंशांनीं वाढली कीं तेल सुमारें दुप्पट वेगानें जुनें होतें, असा स्थूल नियम आहे. उन्हाळ्यांत आमच्याकडे पारा ४२-४३ अंशांवर चढतो आणि लग्नसराईंत गाडी माणसांनीं खच्चून भरलेली असते; तेव्हां हा ‘कठीण वापर’ समजून त्यासाठीं छापलेला लहान आंकडाच धरावा.

आतां कृति. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, चाकांस अडसर द्यावेत, आणि ती चारी बाजूंनीं सारखी उचलून खालीं भक्कम लोखंडी स्टँड लावावेत. नुसत्या जॅकच्या भरंवशावर मोटारीखालीं शिरणें म्हणजे मृत्यूस निमंत्रण होय. ज्यास हा नियम पाळावयाचा नसेल त्यानें पुढचें वाचूंच नये. तेल भरण्याचें बूच आधीं सुटतें कीं नाहीं तें पाहावें, मगच निचऱ्याचें बूच काढावें. जुनें तेल निघून गेलें आणि वरचें बूच जाम बसलें, तर गाडी जागची हलवितां येत नाहीं. तेल कोमट असावें, कढत नव्हे. निघालेलें तेल मापानें मोजावें आणि नवें तितकेंच घालावें. बुचास नवा वॉशर लावावा. चुंबकावर करडें, लुकणासारखें सारण दिसल्यास घाबरूं नये. ती नेहमींची झीज. पण धातूचे तुकडे दिसले किंवा जळका वास आला, तर गाडी कारागिरासच दाखवावी. झिजलेल्या चकत्या नव्या तेलानें पुन्हां जाड होत नाहींत.

येथें थोडें गणित हवें. आंत एकंदर ८ लिटर तेल असेल, तर एका निचऱ्यांत ३ ते ४ लिटरच निघतें. बाकीचें टॉर्क कन्व्हर्टरांत अडकून राहतें. दर खेपेस ४० टक्के बदललें असें धरा. पहिल्या खेपेनंतर जुनें ६० टक्के उरतें, दुसरीनंतर ३६, तिसरीनंतर सुमारें २२. मध्यें कांहीं दिवस गाडी चालवून अशा तीन खेपा केल्या, तर काम पुष्कळसें साधतें.

सर्वांत नाजूक भाग पातळीचा. तेल तापलें कीं फुगतें, म्हणून पातळी ठराविक उष्णतेसच पाहावयाची असते. कित्येक गाड्यांस त्यासाठीं दांडी नसते. एकानें आसनावर बसून, ब्रेक दाबून, इंजिन चालू ठेवावें व दांडा सर्व जागांतून फिरवून पार्किंगवर आणावा. दुसऱ्यानें पातळीचें बूच काढून, तेल थेंबथेंब ओघळूं लागतांच तें बसवावें. त्या वेळीं तेल पुस्तिकेंत दिलेल्या मर्यादेंत, पुष्कळ गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान, असावें लागतें. तें मोजण्यास गाडीस जोडावयाचा स्कॅनर हवा. आतां पाहा, वैशाखांतल्या दुपारीं येथली हवाच ४२ अंश! इंजिन चालू होतांच तेल मर्यादा ओलांडतें, फुगल्यामुळें पुरेसें भासतें आणि निवल्यावर कमी भरतें. म्हणून हें काम मार्गशीर्ष-पौषांत, सकाळच्या प्रहरीं करावें. तेल कमी पडलें तर चकत्या घसरतात, जास्त झालें तर त्यास फेंस येतो. दोन्हीं प्रकारांत गिअरबॉक्स बिघडून मोठ्या खर्चांत पाडतो.

जुन्या तेलाचें काय करावें? तें कुंपणाच्या खांबांस वाळवीसाठीं चोपडण्याची किंवा परसांत ओतण्याची चाल आहे. ती सोडली पाहिजे. २०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें वापरलेलें तेल हा घातक कचरा आहे. आपल्या काळ्या जमिनीस उन्हाळ्यांत हात-हात भेगा पडतात. त्यांतून तें खालीं उतरलें तर विहिरीच्या पाण्याचा भरंवसा काय? नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत जुनें भरावें आणि जुनें तेल अधिकृत पुनर्शोधकाकडे धाडणाऱ्या वर्कशॉपांत पोंचवावें.

तात्पर्य, तेलाचें नेमकें नांव, त्याचें माप, आणि पातळी पाहण्याची उष्णता, हीं तिन्हीं ज्यास ठाऊक आहेत आणि ज्याच्यापाशीं स्टँड व स्कॅनर आहेत, त्यानें हें काम घरीं खुशाल करावें. हमीची मुदत चालू असेल, किंवा यांतली एकही गोष्ट अपुरी असेल, तर परभणी-नांदेडची फेरी पत्करावी. आणि घरीं करावयाचेंच ठरलें, तर आसनावर बसावयास घरांतलें एक शहाणें माणूस आधीं नेमून ठेवावें; हें एकट्याचें काम नव्हे.