मुक्ताईच्या पालखीची दीर्घ वाट

तापी आणि पूर्णा या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, हा परिसर ज्ञानेश्वरांच्या भगिनी मुक्ताबाई यांचे अंतर्धानस्थान मानला जातो. 1297 मध्ये विजेच्या कडकडाटात त्या गुप्त झाल्या, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. याच परिसरातील कोथळीच्या जुन्या मंदिरातून ज्येष्ठात निघणारी त्यांची पालखी बुलढाणा, जालना, बीड हे जिल्हे ओलांडून आषाढी एकादशीपूर्वी पंढरपूरला पोहोचते, आणि सुमारे महिनाभराची ही वाटचाल आळंदी-देहूच्या वारीहून बरीच लांब असूनही तिची दखल कमी घेतली जाते, ही खेदाची बाब होय. दिंडी, म्हणजे वीणा, टाळ, मृदंगासह चालणारा आणि भोजन-मुक्कामाची सामाईक व्यवस्था असलेला वारकऱ्यांचा समूह, हा या प्रवासाचा खरा आधार; वाटेवरची गावे पंगती वाढतात, आणि खानदेशातील केळीच्या बागा मागे पडून काळी शेते नि मराठवाड्याचे माळ समोर येत जातात. परस्परांना ‘माउली’ म्हणणाऱ्या या सहप्रवाशांत परकेपणा फार टिकत नाही. दशमीला पंढरपूरजवळच्या वाखरी येथे संतांच्या पालख्या एकत्र येतात, तेव्हा मुक्ताईची ज्ञानेश्वर, निवृत्तिनाथ आणि सोपानदेव या भावंडांशी भेट घडते.