तळघरात झोपलेला अळू

शिकागोतल्या मराठी घरांमागे उन्हाळाभर डोलणारा अळू ऑक्टोबरात पारा शून्याखाली उतरला की एका रात्रीत काळा पडतो. पानांतलं पाणी गोठून पेशी फाटतात, देठ लिबलिबीत होतात. पण झाड मेलेलं नसतं. मातीखालच्या कंदात पिष्टाची शिदोरी शाबूत असते.

कंद उकरून, सुकवून कोरड्या भुशात तळघरात ठेवतात. १० अंश सेल्सिअसच्या आसपास कंदाचा श्वास मंदावतो आणि शिदोरी वसंतापर्यंत पुरते. ऊब जास्त झाली की अवेळी कोंब फुटतात, साठा आधीच संपतो. ओल राहिली तर कंद कुजतात, फार कोरडं झालं तर सुरकुततात. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक कंद बोटांनी दाबून बघावाच. घट्ट असेल तो ठेवायचा, मऊ पडलेला लगेच बाहेर काढायचा.