म्हातारपणाचे औषध घराजवळ हवे

पैनगंगेच्या खोऱ्यातील किनवट हे नांदेड जिल्ह्याच्या अगदी टोकाचे गाव. जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून दूर. तेलंगणातील आदिलाबाद त्या मानाने जवळ. धडधाकट माणसाला हे अंतर म्हणजे एका दिवसाची फेरी. गुडघे धरलेल्या वृद्धेला मात्र तो प्रवासच आजारासारखा वाटतो. मुले नोकरी-धंद्यासाठी शहरांत गेलेली असली, तर तिला नेणार तरी कोण?

29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत 70 वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, स्थान मिळाले. एका कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत होतात. ही योजना केवळ गरिबांची, या समजुतीने व्यापारी कुटुंबांतील अनेक आजी-आजोबा कार्ड काढत नाहीत, ते योग्य नव्हे. कार्ड राज्याबाहेरही चालते. रुग्णालय योजनेत आहे की नाही, एवढे आधी विचारून घ्यावे.

परंतु हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, महिन्याची साखरतपासणी, डॉक्टरांकडे जाण्याचे भाडे यांचा त्यात समावेश नाही. आणि वृद्धांचे आयुष्य बहुधा याच किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर तोललेले असते.

पक्षाघाताचेच पाहा. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. डोंगरातल्या वाडीवरून निघालेल्या रुग्णाचे यातील बहुतेक तास वाहनाची वाट पाहण्यात आणि रस्त्यातच सरतात. म्हणजे किनवटसारख्या तालुक्यात पक्षाघातावरचा खरा उपचार तो होऊ न देणे हाच. आणि त्याचा मोठा भाग रक्तदाबाच्या स्वस्त गोळीत सामावलेला आहे. ती मात्र एक दिवसही चुकता कामा नये. बरे वाटू लागले म्हणून गोळी सोडणारे घरोघरी आढळतात.

2010-11 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रावर आठवड्यातून एक दिवस वृद्धांसाठी स्वतंत्र तपासणी अपेक्षित आहे. कल्पना उत्तम आहे. तो दिवस आठवडी बाजाराचा ठेवला, तर खेड्यांतून येणाऱ्या वाहनांतून म्हातारी माणसेही सहज येतील. गोंडी, कोलामी, बंजारा बोलणाऱ्या आजीचे दुखणे समजून घेणारे कोणी तेथे असणेही तितकेच आवश्यक; अर्धे निदान तर ऐकण्यातच होते.

समाजातील संस्था आरोग्य शिबिरे उत्साहाने भरवतात. तेथे रक्तदाब वाढलेला आढळतो, चिठ्ठी मिळते, आणि पुढची विचारपूस वर्षभराने होते. त्याच खर्चात दरमहा ठरलेल्या दिवशी एक परिचारिका, रक्तदाबमापक, गोळ्यांचा साठा आणि ने-आण करणारी एक जीप एवढी सोय होऊ शकेल. नावांची वही ठेवावी, आणि जो आला नाही त्याच्या घरी त्याच संध्याकाळी कोणीतरी जाऊन यावे.