नकाराचे मानसशास्त्र

आज्ञापालनाच्या मानसशास्त्राचा विषय निघाला की स्टॅन्ली मिलग्रम यांचे नाव आणि त्यामागोमाग शेकडा ६५ हा आकडा हटकून पुढे येतो. चारचौघांसारख्या माणसांपैकी शेकडा ६५ माणसे, केवळ सांगितले म्हणून, एका निरपराध माणसाला ४५० व्होल्टचा विजेचा धक्का देण्यास तयार झाली, हे ऐकून आपण मान हलवतो, मनुष्यस्वभावाविषयी एक सुस्कारा टाकतो आणि आपल्या कामाला लागतो. या संशोधनाचा अर्थ एवढाच असता तर साठ वर्षे उलटून गेल्यावर त्याविषयी लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु मिलग्रम यांनी एकच प्रयोग केलेला नाही. त्याची मांडणी त्यांनी वीसहून अधिक प्रकारांनी बदलून पाहिली, आणि त्या बदलांमध्ये आज्ञापालनाइतकाच नकाराचाही अभ्यास आहे. दुर्दैवाने तो भाग फारसा कोणी वाचत नाही.

मूळ प्रयोग १९६१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात सुरू झाला. त्याच वर्षी जेरुसलेममध्ये आइकमनवर खटला चालला होता आणि आपण केवळ वरून आलेले हुकूम पाळले, हा त्याचा बचाव जगभर चर्चिला जात होता. मिलग्रम यांनी वृत्तपत्रात जाहिरात देऊन ४ डॉलर आणि ५० सेंट प्रवासखर्च या मोबदल्यावर माणसे बोलावली. स्मरणशक्तीचा अभ्यास चालू आहे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांच्याकडे भूमिका आली ‘शिक्षका’ची. (शिक्षकी पेशातील वाचकांनी राग मानू नये.) ‘विद्यार्थी’ चुकला की १५ व्होल्टपासून चढत्या क्रमाने ३० कळींपैकी पुढची कळ दाबायची. हा विद्यार्थी मिलग्रम यांचाच माणूस होता आणि त्याला धक्का मुळीच बसत नव्हता, हे अर्थातच शिक्षकाला ठाऊक नव्हते. हजारात जेमतेम एखादा शेवटच्या कळीपर्यंत जाईल, असा मानसोपचारतज्ज्ञांचा अंदाज होता. पहिल्या ४० जणांपैकी २६ जण गेले.

आता बदल पाहू. विद्यार्थ्याला त्याच खोलीत आणून बसवले तेव्हा अखेरपर्यंत जाणारे ४० टक्क्यांवर आले. त्याचा हात स्वतःच्या हाताने पट्टीवर दाबून धरायला लावला तेव्हा ३० टक्के उरले. अधिकारी खोलीबाहेर जाऊन दूरध्वनीवरून आज्ञा देऊ लागला तेव्हा सुमारे एकपंचमांश माणसांनीच ती पूर्णपणे पाळली. त्यात मौज अशी की, काही जण तोंडाने ‘वाढवतो आहे’ असे सांगत राहिले आणि प्रत्यक्षात सर्वांत सौम्य धक्क्याची कळ दाबत राहिले. साहेबाला तोंडावर ‘नाही’ म्हणण्यापेक्षा त्याला फसवणे सोपे जाते, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला निराळे सांगायला नको. सोबतच्या दोन ‘शिक्षकां’नी, म्हणजे मिलग्रम यांच्याच माणसांनी, मध्येच उठून नकार दिला तेव्हा अखेरपर्यंत जाणारे ४० पैकी ४ उरले. उलट, कळ दुसऱ्याने दाबायची आणि आपण फक्त प्रश्न वाचण्यासारखे साहाय्यक काम करायचे, अशी वाटणी केली तेव्हा ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत बसून राहिले. आणि दोन अधिकाऱ्यांनी शिक्षकासमोरच परस्परविरोधी आज्ञा दिल्या तेव्हा? २० पैकी एकही माणूस शेवटच्या कळीपर्यंत गेला नाही.

या प्रत्येक बदलासाठी निराळी माणसे बोलावली होती, पण ती त्याच परिसरातली आणि त्याच थरांतली होती. ती एकाएकी अधिक सज्जन किंवा अधिक दुर्जन झाली, असे मानण्यास आधार नाही. बदलली होती ती मांडणी. म्हणूनच शेकडा ६५ या आकड्यावरून मनुष्यस्वभावाचा निवाडा करणे मला घाईचे वाटते.

आज्ञापालन म्हणजे निव्वळ हुकुमाला मान तुकवणे, ही कल्पनाही तपासून घेतली पाहिजे. शिक्षक अडखळला की अधिकाऱ्याने चार ठरावीक वाक्ये क्रमाने उच्चारायची होती. ‘कृपया पुढे चला’ हे पहिले. ‘तुम्हाला दुसरा पर्याय नाही’ हे चौथे. जेरी बर्गर यांनी हा प्रयोग १५० व्होल्टवर थांबवण्याची दक्षता घेऊन पुन्हा केला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही ७० टक्के लोक पुढे जाण्यास तयार होते; परंतु ज्यांना चौथे वाक्य ऐकवावे लागले, त्यांच्यापैकी एकानेही ते मानले नाही. चार वाक्यांतला खरा हुकूम तेवढाच होता! अ‍ॅलेक्स हॅस्लम आणि स्टीफन रायकर या मानसशास्त्रज्ञांनी यावरून असा युक्तिवाद केला आहे की, ही माणसे भीतीने वाकली नव्हती; विज्ञानाच्या थोर कार्याला आपण हातभार लावतो आहोत, अशी त्यांची समजूत होती. मला हे मिलग्रम यांच्या मूळ निष्कर्षापेक्षाही अधिक अस्वस्थ करणारे वाटते.

येलच्या प्रयोगांवर गंभीर आक्षेप आहेत. डायाना बॉमरिंड यांनी १९६४ मध्येच त्यांच्या नैतिकतेला हरकत घेतली. अनेकांना धक्के खोटे असल्याचा संशय आला होता, आणि अधिकारी ठरलेली वाक्ये सोडून मनाने बोलत असे, हे जीना पेरी यांनी ध्वनिफिती ऐकून दाखवून दिले. प्रयोगशाळेबाहेरचा पुरावा म्हणूनच मोलाचा. १९६६ मध्ये चार्ल्स हॉफलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका अनोळखी ‘डॉक्टर’ने रुग्णालयातील परिचारिकांना दूरध्वनीवरून एका अपरिचित औषधाची, डबीवर छापलेल्या कमाल मात्रेच्या दुप्पट मात्रा द्यायला सांगितली. २२ पैकी २१ जणी निघाल्या. त्यांना वाटेत थांबवावे लागले. वस्तुतः दूरध्वनीवरून असा आदेश घेणेच रुग्णालयाच्या नियमाविरुद्ध होते. पुढे १९७७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी औषध परिचयाचे ठेवले आणि परिचारिकांना आपसांत बोलण्याची मोकळीक दिली. १८ पैकी केवळ २ जणी ते देण्यास तयार झाल्या. बहुतेकींनी आधी फेरचौकशी केली. ज्ञान होते आणि विचारायला शेजारी कोणी होते, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडील सरकारी कचेऱ्यांनाही असा नियम अपरिचित नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा, आणि तोंडी मिळाला तर कनिष्ठाने तो लवकरात लवकर लेखी मागून घ्यावा, अशी तरतूद आहे. तरीही २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील वृत्तपत्रांची वीज तोडली गेली ती तोंडी आदेशावरून, हे पुढे शहा आयोगापुढे उघड झाले. नियम होता, त्या रात्री कागद मागणारा कोणी निघाला नाही.

मिलग्रम यांचे शाळासोबती आणि स्वतःही नामवंत मानसशास्त्रज्ञ असलेले फिलिप झिम्बार्डो यांनी एक गोष्ट सांगितली आहे. ज्यांनी मध्येच नकार दिला त्या सर्वांविषयी त्यांनी मिलग्रम यांना विचारले की, त्यांच्यापैकी कोणी परवानगी न मागता उठून, पलीकडच्या खोलीत ओरडणारा माणूस कसा आहे हे पाहायला गेला का? मिलग्रम यांचे उत्तर होते की, एकही नाही.