जुन्या पाहुण्याला ओसरी

आमच्या गावातल्या छापखान्यात एक जुना संगणक आहे. पडदा पिवळट, पंखा घरघरणारा. माझ्या पहिल्या कवितासंग्रहाची अक्षरजुळणी त्यावरच झाली. मालकांनी नवा संगणक आणला, जुना प्रोग्रॅम त्यात घातला, तर उत्तर आले की हा प्रोग्रॅम इथे चालणार नाही. प्रोग्रॅम बिघडला नव्हता. नव्या घरात त्याची बोली समजणारे कोणी उरले नव्हते, एवढेच.

संगणकाचा सारा कारभार ऑपरेटिंग सिस्टीम पाहते. विंडोज ही त्यातलीच एक. डॉस आणि सुरुवातीच्या विंडोजचे प्रोग्रॅम १६ बिटचे, म्हणजे त्या काळच्या प्रोसेसरच्या मापाने शिवलेले होते. पुढे ३२ बिटचा जमाना आला, तेव्हा १९९३च्या विंडोज एनटीमध्ये मायक्रोसॉफ्टने जणू एक दुभाषा बसवला. आपण अजून जुन्याच घरात आहोत, असे तो जुन्या प्रोग्रॅमला भासवी. ६४ बिटच्या विंडोजमध्ये मात्र हा दुभाषा नाही, आणि २०२१ साली आलेले विंडोज ११ फक्त ६४ बिटचेच आहे.

मग असे दुभाषे ठेवावेत की काढावेत?

ठेवावेत, असे म्हणणाऱ्यांची बाजू साधी आहे. लोक संगणक घेतात तो कामासाठी. विंडोज ९५ तयार होत असताना सिमसिटी या खेळातली एक जुनी चूक उघडी पडली. चूक खेळाची, पण खेळ बंद पडला तर लोक दोष विंडोजला देणार. म्हणून हा खेळ ओळखून त्याला सांभाळून घेण्याची सोय विंडोजमध्येच केली गेली, असे जोएल स्पोल्स्की यांनी लिहून ठेवले आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचाही दंडक असा, की गाभ्यातल्या बदलाने लोकांचे चालते प्रोग्रॅम मोडता कामा नयेत.

पण ओसरी दिली की पाहुणा हातपाय पसरतो! मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या उपद्रवाने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. तो पसरला विंडोजमधल्या फाइल देवाणघेवाणीच्या एका जुन्या पद्धतीच्या भगदाडातून. ते बुजवण्याची दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण अनेकांनी ती बसवली नव्हती. बहुतेकांना त्या जुन्या पद्धतीची गरजही नव्हती. दार मात्र सगळ्यांचेच उघडे होते.

म्हणून मला वाटते, जुन्याला हाकलू नये आणि माजघरातही घेऊ नये. त्याची जागा ओसरीवर. जुनी सोय मुळात बंद असावी, ज्याला हवी त्याने ती जाणूनबुजून उघडावी. डॉसबॉक्ससारखे फुकट मिळणारे प्रोग्रॅम नव्या संगणकाच्या पोटात नकली जुना संगणक उभा करतात, तशी तिला वेगळी खोली द्यावी. आणि काढायचीच असेल, तर काही वर्षे आधी दवंडी पिटावी, जुन्या फायली नव्या रूपात उतरवून घेण्याची वाट दाखवावी. बदलाचा खर्च मोठ्या कचेऱ्यांना झेपतो. छोटा छापखानेवाला मात्र, प्रोग्रॅम लिहिणाराच नाहीसा झाला, तर कुणाकडे जाणार?

आमच्या मालकांनी जुना संगणक इंटरनेटपासून तोडून कोपऱ्यात ठेवला आहे. त्यात गावाच्या लग्नपत्रिका आहेत, उरुसाची पत्रके आहेत, माझ्या कविता आहेत. तो चालू आहे तोवर आम्ही त्या एकेक करून बाहेर काढतो आहोत.